दहाव्या मोहरमचा रोजा, सरबत आणि खिचडा: वेळेचं गणित कसं बसवायचं?

तालीमगल्ली
चिकोडी तालुक्यातल्या एका गावच्या तालमीतर्फे विचारतोय. आमच्याकडे पंजे बसतात, डोले (ताबूत) उठतात, आणि दहाव्या दिवशी दुपारी बारा वाजता सरबत व खिचडा (गहू, डाळी, मटण एकत्र घोटून केलेला) वाटायची रीत आहे. साधारण चारशे माणूस येतं. त्यात मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान सगळे. यंदा मशिदीतल्या मंडळींनी एक साधा प्रश्न केला आणि कुणाला उत्तर देता आलं नाही: दहाव्या मोहरमला रोजा असतो, मग भर दुपारी सरबत आणि खिचडा कुणासाठी? मुद्दा बरोबर वाटतो. जाणकारांनी सांगावं, रोजा किती दिवसांचा, तो सगळ्यांना बंधनकारक आहे का, आणि वाटप कधी केलं तर कुणाचंच अडणार नाही? चारशे माणसांचं प्रमाणही हवं आहे, दरवर्षी कमीजास्त होतं.

बागवान_निपाणी
अण्णा, आधी रोज्याचं. आशुऱ्याचा, म्हणजे दहाव्या मोहरमचा, रोजा नफिल (ऐच्छिक) आहे, रमजानसारखा फर्ज (बंधनकारक) नाही. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले, तेव्हापासून हा ऐच्छिक. पण दर्जा मोठा: सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू कतादांकडून आलेली हदीस (प्रेषितांचं वचन) आहे की आशुऱ्याच्या रोज्याने मागच्या एका वर्षाचे गुनाह माफ होण्याची आशा आहे. मदिनेतले यहुदी या दिवशी रोजा धरत, कारण याच दिवशी हजरत मूसांना इजिप्तचा राजा फिरऔन याच्यापासून सुटका मिळाली. प्रेषितांनी (स.) स्वतः रोजा धरला, धरायला सांगितला, आणि पुढच्या वर्षी राहिलो तर नववीलाही धरीन असं म्हटलं. म्हणून जोडीने धरायचा: ९ आणि १०, नाहीतर १० आणि ११. नुसता दहावीचा धरला तरी होतो, हनफी (सुन्नींचा एक पंथ) मतात तेवढं पसंत नाही इतकंच.

नियत, म्हणजे रोज्याचा संकल्प, मनात करायची, मराठीत केली तरी चालते. सहरीला (पहाटेआधीच्या खाण्याला) जाग आली नाही तर घाबरू नये. नफिल रोज्याची नियत पहाटेपासून काही खाल्लंप्यायलं नसेल तर सकाळीही करता येते. जून अखेरीला बेळगावच्या वेळेने पावणेबाराच्या आत केली की निश्चिंत.

घड्याळवाला
वेळेवर एक इशारा. जून अखेरीला बेळगावात सहरी साधारण ४.४० ला संपते आणि सूर्यास्त ७ वाजून ७ मिनिटांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ साडेचौदा तासांचा रोजा. आता घोळ कुठे होतो? बेंगळुरूत सूर्य आपल्यापेक्षा अठरा-वीस मिनिटं आधी मावळतो. कन्नड वाहिनीवर किंवा बेंगळुरूला लावलेल्या ॲपवर मगरिब (सूर्यास्ताची नमाज) झाली म्हणून कुणी इथे खजूर तोंडात टाकला तर रोजा गेला. उलट मुंबईची वेळ आपल्यापेक्षा दहा-अकरा मिनिटं उशिराची, ती धरली तर रोजा शाबूत राहतो पण इफ्तारीला विनाकारण उशीर. त्यात आपल्याकडे मृग-आर्द्राचे ढग, पश्चिम दिसतच नाही. डोळ्यांवर जाऊ नका, गावच्या मशिदीचा तक्ताच धरा.

शाहूनगरी_अक्का
म्हणजे खत्तल रात्र (दहाव्या दिवसाच्या आधीची रात्र) नववीची की दहावीची? आमच्याकडे यावरून दरवर्षी वाद होतो. :)

घड्याळवाला
दोघेही बरोबर, अक्का. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नवव्या दिवशी सूर्य मावळला की दहावी लागली. आपण तिथी सूर्योदयाला धरतो म्हणून ती नववीची रात्र वाटते. रात्र आधी आणि दिवस मागून, एवढं लक्षात ठेवलं की निमंत्रणपत्रिकेत तारीख चुकत नाही.

हुसैनी_चौक
वर सगळं सुन्नी रिवाजाचं आलंय, म्हणून शिया बाजू मांडतो. आमच्याकडे हा दिवस मातमचा. हिजरी ६१, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० ला करबलात इमाम हुसैन आणि त्यांचे ७२ साथीदार शहीद झाले. सातव्या मोहरमपासून फुरात (युफ्रेटिस) नदीचं पाणी त्यांना बंद केलं होतं. त्यामुळे आम्ही पूर्ण रोजा धरत नाही, फाका करतो: पहाटेपासून असरपर्यंत (दुपार कलतानाच्या नमाजेपर्यंत) अन्नपाणी नाही, आणि असरनंतर सूर्यास्ताच्या आधीच साधं पाणी, एखादा साधा घास. रोज्याची नियत नाही, गोडधोड नाही. सबील (पाणी-सरबताचं मोफत वाटप) लावायची ती त्या तहानेच्या आठवणीत, वाटसरूसाठी. कोण रोजेदार आणि कोण नाही, हे सबील विचारत नाही.

सीधा_रस्ता
थोडं वेगळं मत आहे, राग मानू नये. दीनमध्ये (धर्मात) या दिवसासाठी साबित आहे तो रोजा. सदका (दानधर्म) कुठल्याही दिवशी चांगला. पण खिचडा झालाच पाहिजे, सरबत असलंच पाहिजे, आशुऱ्याची अमुक रकातींची खास नमाज, सुरमा घालणं, याला मजबूत आधार नाही. हजरत नूह यांच्या नावेत उरलेली धान्यं एकत्र शिजवली म्हणून खिचडा, ही लोककथा आहे. घरच्यांवर सढळ हाताने खर्च करण्याची रिवायत (हदीस) बैहकी या हदीस-संग्राहकांनी नोंदवली आहे, तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर असल्याचं बऱ्याच मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या अभ्यासकांनी, म्हटलंय. ज्यांना इबादत करायची आहे त्यांनी रात्री तहज्जुद (रात्रीची ऐच्छिक नमाज), कुराणाची तिलावत (पठण), तौबा, आणि दिवसा रोजा करावा. एवढ्यानं दिवस भरतो.

बागवान_निपाणी
भाईजान, खास नमाज आणि सुरम्याबद्दल सहमत. पण खिचडा फर्ज आहे असं इथे कुणी म्हणत नाही. भुकेल्याला जेवण देणं हा सदका, आणि सदक्यासाठी हा दिवस निवडला तर त्यात काही बिघडत नाही असं मानणारे उलेमाही (धर्मपंडितही) आहेत. तालमीनं फलकावर ‘नियाज’ लिहावं की ‘अन्नदान’, ते तालमीनं ठरवावं. मशिदीतल्या लोकांना विचारून ठरवलं तर बरं.

हिशेबनीस_हुक्केरी
फलकापेक्षा पैशांचा स्रोत महत्त्वाचा. वर्गणीच्या डब्यात लोक सगळं एकत्र टाकतात आणि इथंच चूक होते.

जकातीचा, म्हणजे फर्ज दानाचा, पैसा सरबत-खिचड्यात घालू नका. जकात अदा व्हायला ती हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना, त्यात सावकारही आला, पेला भरून दिला तर जकात अदा होत नाही. कुणाला जकातच द्यायची असेल तर त्या पैशांचा शिधा बांधून गरजू घराच्या हातात द्यावा: १० किलो तांदूळ, २ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, साखर, चहापूड. तो त्यांच्या मालकीचा झाला, जकात अदा झाली. सय्यद (प्रेषितांच्या वंशातल्या) घरांना जकात चालत नाही, त्यांना वेगळी भेट द्यावी. हनफी मतात जकात मुसलमान गरजूलाच जाते.

नफिल सदक्याला ही बंधनं नाहीत. तो कुणालाही द्या, हिंदूला, जैनाला, वाटेवरच्या ट्रकवाल्याला. तालमीचं वाटप नफिल सदक्यातूनच व्हावं. मन्नतीचा पैसा तिसराच. ‘काम झालं तर इतक्या गरिबांना जेवू घालीन’ असा नजर (नवस) बोलला असेल तर ते गरिबांनाच जावं, श्रीमंतानं आणि मन्नत करणाऱ्यानं त्यातलं खाऊ नये. तीन पाकिटं ठेवा, तीन रंगांची. वर्गणी घेतानाच विचारा, नंतर वेगळं करता येत नाही.

तालीमगल्ली
हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमचा एकच पितळी डबा आहे. पाकिटं आजच आणतो.

डेगवाला
आता माझ्या हातातलं. आपल्या भागात खिचड्याला खपली गहू वापरा. अथणी-चिकोडीकडे हुग्गीसाठी (गव्हाच्या खिरीसाठी) सडलेला, म्हणजे कांडून साल काढलेला, मिळतो तोच. साधा गहू घोटल्यावर चिकट होतो, खपली दाणा राखून मऊ होते.

शंभर माणसांचं प्रमाण, चारशेला चौपट करू नका, शंभर-शंभरच्या चार डेगा लावा. एकाच मोठ्या डेगीत तळाशी घोटणी पोचत नाही आणि लागतं.

सडलेली खपली ५ किलो, हरभरा डाळ दीड किलो, तूर, मूग, मसूर अर्धा-अर्धा किलो, तांदूळ १ किलो. हाडासकट मटण ८ किलो. कांदा ४ किलो, आलं आणि लसूण ४००-४०० ग्रॅम, हिरवी मिरची ३०० ग्रॅम, तिखट १५० ग्रॅम, हळद ६० ग्रॅम, गरम मसाला १२० ग्रॅम, मीठ ४०० पासून सुरू करून चवीने. कांदा तळायला अडीच लिटर तेल, त्यातलं दीड लिटर डेगीत जातं. पाणी एकूण ४० लिटर लागतं.

गहू रात्रभर, निदान ८ तास भिजवा. हरभरा डाळ ३-४ तास. गहू नुसत्या पाण्यात अडीच-तीन तास शिजू द्या, मीठ नको. मग हरभरा डाळ आणि तांदूळ. मटण वेगळं शिजवून हाडं काढून रेषे करा आणि रस्सा गाळून डेगीत घाला, म्हणजे हाडाचा तुकडा कुणाच्या दाताखाली येत नाही. मूग-मसूर अगदी शेवटच्या तासात. लोक या डाळी पहिल्यांदा घालतात, त्या विरघळून खाली बसतात आणि अर्ध्या तासात डेग लागते. करपल्याचा वास आला तर ढवळू नका! वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. ढवळलं की सगळ्या डेगीला वास लागतो.

नंतर पाऊण तास घोटायचं. डाव उचलल्यावर पट्टीसारखं सलग पडलं की झालं. थांबलं की घट्ट होतं, म्हणून प्रत्येक डेगीला ५ लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवा. गार पाणी घातलं तर पाणी वर आणि गहू खाली राहतो. तांब्याची डेग असेल तर कल्हई आधी बघा, तांबूस दिसायला लागली असेल तर कल्हई करून घेतल्याशिवाय वापरू नका.

सातला वाढायचं असेल तर चूल दुपारी एकला पेटवा.

चोंगेवाली_गोकाक
डेगवाले काका, मीठ कोण चाखणार? सगळे रोजेदार.

बागवान_निपाणी
आचाऱ्याला गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकली तर रोजा तुटत नाही, गिळायचं नाही. पण तालमीत बिनरोज्याची पोरं आहेत ना, त्यांनाच चाखू द्या. चमचाभर, वाटीभर नाही. :)

जिनवाणी_सदलगा
जैन घरांच्या बाजूनं दोन गोष्टी. शाकाहारी डेग लावणार असाल तर चूल, डाव, झाकण, वाढपी सगळं वेगळं हवं, आणि आमच्यासाठी कांदा, लसूण, आलं नको. हे बहुतेकांना माहीत असतं. विसरतात ते दुसरं: आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. तुम्ही वाटप इफ्तारीला नेलं तर रोजेदारांची सोय होते, पण त्याच मिनिटाला आमचं ताट बंद होतं. पाणीही गाळलेलं लागतं, कापड दुपदरी असावं.

घड्याळवाला
अगदी नेमकं बोललात ताई. सूर्यास्त ही एकाची सुरुवात आणि दुसऱ्याची अखेर. यावर उपाय असरनंतरचा. जून अखेरीला हनफी असर पाच वाजून दहाच्या सुमारास लागते. जमात (सामूहिक नमाज) आटोपली की साडेपाच ते पावणेसात, सव्वा तास मिळतो. त्यात शाकाहारी डेग उघडा: जैन, लहान मुलं, म्हातारी माणसं, फाका सोडून झालेले सगळे. मांसाहारी डेग मगरिबनंतर.

वारकरी_खानापूर
एकादशीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोहरमचा महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेनंतर. तिथून दहावा दिवस मोजला की तो शुद्ध एकादशीच्या आगेमागेच येतो, योगायोग नाही. १७ जुलै २०२४ आणि ६ जुलै २०२५, लागोपाठ दोन वर्षं आषाढी आणि आशुरा एकाच दिवशी होते. २०२३ मध्ये अधिक श्रावणातली कमला एकादशी, २९ जुलै, तीही आशुऱ्याला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं आषाढी २५ जुलैवर गेली, पण निज ज्येष्ठाची निर्जला एकादशी २५ जूनला आहे आणि आशुरा तिच्या लगतच.

तेव्हा एकादशी जुळली की वारकरी गहू, डाळ, तांदूळ काहीच घेणार नाही. त्या वर्षी त्यांच्यासाठी केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गूळ ठेवावं. खिचडा द्वादशीला दुपारी केला तर उत्तम, पारण्यालाही होतो. मात्र माळकऱ्याला शाकाहारीच.

सीधा_रस्ता
आणि अकरावीचा रोजा धरणाऱ्यांचं काय? द्वादशी म्हणजे बहुधा अकरावा मोहरम. ९-१० धरणारे मोकळे, १०-११ धरणाऱ्यांना दुपारचं जेवण चालणार नाही. गावात आधी विचारून घ्या.

वारकरी_खानापूर
हे लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे.

दवाखाना_रायबाग
इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, यांनी साडेचौदा तासांचा ऐच्छिक रोजा धरायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. फर्ज नाही तर जिवावर ओढवून घेऊ नका. मधुमेहात घाम, थरथर, अंधारी आली किंवा साखर ७० च्या खाली गेली तर तिथेच रोजा सोडा. इफ्तारीला गोड सरबताचे तीन पेले लागोपाठ पिणंही त्यांना घातक. पाणी, एक खजूर, मग पंधरा मिनिटांनी जेवण.

आपा_संकेश्वर
तब्येतीमुळे नफिल रोजा मधेच सोडला तर गुनाह नाही, हनफी मतात नंतर एक कजा (भरपाईचा रोजा) ठेवायचा. कोकणातून आलेली शाफई (सुन्नींचाच दुसरा पंथ) घरं आहेत, त्यांच्या मतात कजाही लागत नाही. पाळी असलेल्या बायकांना या दिवशी रोजा नाही आणि नफिल असल्यानं त्याची भरपाईही नाही. जिक्र (नामस्मरण), दुआ, सदका त्या करू शकतात. शिधा बांधायचं काम बहुधा त्याच अंगावर घेतात, त्याची गणती कमी समजू नये.

सबीलवाला
सरबत राहिलं. २०० मिलिच्या शंभर पेल्यांना: पाणी १५ लिटर, तापवून गार केलेलं दूध ४ लिटर, साखर दोन किलो, गुलाबाचा पाक पाऊण लिटर, सब्जा १५० ग्रॅम अर्धा तास आधी भिजवून. सब्जा कोरडा टाकला तर गोळे होतात आणि लहान मुलांच्या घशात अडकतो. दुधाच्या सरबतात लिंबू पडू देऊ नका, फाटतं. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच, मासळीवाल्यांची लादी नको, आणि तो पिंपात न टाकता पिंप बर्फात ठेवा म्हणजे शेवटचा पेला पांचट होत नाही. दुधाचं सरबत दोन-अडीच तासांच्या वर ठेवू नये. म्हणून सगळं एकदम कालवू नका, पाक आणि साखर-पाणी तयार ठेवा, दूध पिंपागणिक घाला.

खानापूर-कणकुंबीकडे या दिवसांत पाऊस झोडपत असतो, तिथं थंड सरबत कुणी पीत नाही. गरम दूध, गूळ, सुंठ, वेलची द्या. गूळ दूध उतरवून जरा निवल्यावर घालायचा. उकळत्या दुधात घातला तर फाटतं.

चोंगेवाली_गोकाक
चोंगे (गुळाच्या नक्षीदार पोळ्या) विसरलात काय रे सगळे? नैवेद्याला तेच लागतात. पंचवीस चोंग्यांना गव्हाचं पीठ १ किलो, बारीक रवा २०० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम मोहन, पाव किलो गूळ पाण्यात विरघळवून गाळून, चिमूट मीठ. घट्ट मळून तासभर झाकायचं. जाडसर लाटून चोंग्याच्या लाकडी साच्यावर दाबायचं, साचा नसेल तर नव्या फणीनं नक्षी. मंद आचेवर भाजायचं, गूळ आहे, आच वाढली की बाहेर काळं आणि आत कच्चं. वर किसलेला गूळ, भाजलेली खसखस, सुकं खोबरं. दोन दिवस टिकतात, म्हणून शिध्याच्या पिशवीतही घालता येतात.

शाहूनगरी_अक्का
पंज्यापाशी फकिरी घेणारे हिंदू पाच दिवस उपवास करतात, तो रोजा धरला जातो का?

बागवान_निपाणी
नाही अक्का. रोज्याला नियत, पहाट ते सूर्यास्त वेळ आणि पाणीसुद्धा वर्ज्य, हे लागतं. फकिरी हे इथल्या मातीतलं व्रत आहे: गळ्यात दोरा, अनवाणी, खाटेवर झोपायचं नाही, मागून आणलेलं खायचं. सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूरला मुसलमानाचं एकही घर नसताना गाव मोहरम पाळतं. श्रद्धेचा मान ठेवावा, दोन्ही गोष्टींची नावं मात्र वेगळी ठेवावीत.

सीधा_रस्ता
हे नेमकं सांगितलंत. शिध्याच्या पिशव्यांना माझ्याकडून नफिल सदका धरा. त्यावर नाव टाकू नका.

तालीमगल्ली
सगळ्यांचं वाचून असं ठरतंय. दुपारी बाराला रस्त्यावरची सबील फक्त वाटसरू आणि मुलांसाठी, मशिदीच्या दारापासून लांब, एसटी थांब्यापाशी. साडेपाचला शाकाहारी डेग, बिनकांद्याची. मगरिबला रोजेदारांना आधी खजूर-पाणी, नमाज झाली की खिचडा. ९-१० वाले किती आणि १०-११ वाले किती ते मशिदीत विचारतो. शिध्याच्या पिशव्या खत्तल रात्रीच घरोघर पोचवू. एकच शंका: चारशेतले दीडशे शाकाहारी धरले, तर मटणाच्या तीन डेगा की अडीच?

डेगवाला
अडीच डेग करू नका, अर्ध्या डेगीला आच सांभाळत नाही. मटणाच्या दोन भरून, शाकाहारी दोन. मटणाच्या डेगीला खपली साडेपाच किलो आणि मटण ९ किलो धरा, प्रत्येकी सव्वाशे पाने होतील. शाकाहारीत मटणाऐवजी दुधी आणि लाल भोपळा ३-३ किलो, तूप १ लिटर. हिंग-जिऱ्याची फोडणी शेवटी. आणि खपली आत्ताच सांगून ठेवा, मोहरमच्या आठवड्यात सडलेली मिळत नाही.